न हलणारी मगर जिवंत कशी?

हिवाळ्यातल्या दुपारी बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठावर मगर जबडा उघडा टाकून तासन्‌तास पडलेली असते. पुलावरून बघणाऱ्यांत कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, मेलेली दिसतेय!" नदीलगतच्या कमाटीबागेत, बडोद्याच्या संग्रहालयात, निळ्या देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आहे, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा. दोन्ही निश्चल, आणि हाडांत दोघांच्याही तेच कॅल्शियम आणि फॉस्फरस. मग फरक कुठे?

हालचाल, वाढ, श्वसन, उत्सर्जन, प्रजनन, प्रतिसाद ही यादी शाळेत सगळ्यांनी घोकलेली असते. यादी चुकीची नाही, पण एकेक लक्षण सुटं घेतलं की फसगत होते. पाकातला खडीसाखरेचा खडा वाढतो. वणवा तर पसरतो, ऑक्सिजन घेतो, राख टाकतो, ठिणगीतून दुसरा वणवाही पेटवतो. उलट खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत, म्हणून त्याला निर्जीव म्हणून बघा, लाथ बसेल!

खरी गोम चयापचयात, म्हणजे शरीरात सतत चालणाऱ्या मोडतोडीत आणि बांधणीत आहे. जिवंत हाड सतत पाडलं आणि बांधलं जात असतं. काही पेशी जुनं हाड विरघळवतात, काही त्याच जागी नवं रचतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा वर्षाकाठी असा बदलतो. देवमाशाच्या हाडांत हे काम कधीच थांबलं. तिथे तडा गेला तर तो संग्रहालयातल्या माणसांनीच बुजवायचा.

मगरीच्या अंगात मात्र ही धावपळ चालूच असते, फक्त संथ. आपण अन्नाचा मोठा वाटा शरीर ऊबदार ठेवण्यात खर्च करतो. ती ऊब उन्हातून फुकट घेते, म्हणून आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकते. डोकं फार तापू नये म्हणून जबडा उघडा. म्हणजे ज्या पोझमुळे ती मेलेली वाटते, तोच तिचा परिसराला दिलेला प्रतिसाद!

हे सगळं घडतं पेशींत. १८३८-३९च्या सुमारास श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असतात हे मांडलं. जिवाणूपासून वडापर्यंत प्रत्येक सजीवाच्या पेशींत डीएनए आहे आणि ऊर्जेचं चलन एकच, एटीपी नावाचा रेणू. माणूस दिवसभरात जवळपास स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतो, पण कुठल्याही क्षणी शिल्लक त्यातलं फारच थोडं. तेच रेणू पुन्हा पुन्हा वापरले जातात.

बियांनी मात्र पंचाईत केली आहे. इस्राएलमधल्या मसादा इथे मिळालेल्या, सुमारे २००० वर्षं जुन्या खजुराच्या बीला २००५ साली कोंब फुटला. इतकी वर्षं तिच्यातलं काम जवळजवळ बंदच होतं, पण यंत्रणा शाबूत होती. पाणी मिळालं आणि ती स्वतःच्या बळावर सुरू झाली. विषाणूला हे जमत नाही. पेशीबाहेर तो एटीपीचा एक रेणूही बनवू शकत नाही. तो सजीव की निर्जीव, यावर जीवशास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मी तरी त्याला सजीवांच्या रांगेत बसवणार नाही.