घरच्या माणसांचे सहज फोटो: फोकस हाताने की ऑटो?

प्रिंट अस्पष्ट आली की पहिला संशय फोकसवर जातो. पण आधी भिंग घेऊन निगेटिव्ह बघा. मुलाचा चेहरा धूसर आणि मागच्या पडद्याची वीण मात्र स्वच्छ दिसते, तर फोकस चुकला. अख्खी फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसते, तर तुमचा हात हलला. खुर्ची स्पष्ट आणि फक्त मूल ओढलं गेलंय, तर मूल हललं. या शेवटच्या दोन प्रकारांत ऑटोफोकस काहीच करू शकत नाही. शटरचा वेग वाढवावा लागतो. नवा कॅमेरा शोधत आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं काम ४०० आयएसओच्या, म्हणजे कमी उजेडातही वेगवान शटर चालू देणाऱ्या फिल्मने भागतं, असं आम्ही त्यांना सांगतो.

फोकसच चुकत असेल, तर पुढे वाचा.

१९७७ साली आलेला कोनिका सी३५ एएफ हा मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. एसएलआरमध्ये (आरशाच्या मदतीने थेट लेन्समधलं दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांत) ऑटोफोकस खऱ्या अर्थाने रुळला तो १९८५च्या मिनोल्टा ७०००पासून. त्या काळातले बहुतेक कॅमेरे फ्रेमच्या मधोमध जे असेल त्यावरच फोकस करतात. आजी आणि नात शेजारीशेजारी बसल्यात, मधल्या फटीतून भिंत दिसतेय. कॅमेरा इमानेइतबारे भिंत टिपतो! यावर उपाय सोपा आहे. मधली चौकट एकीच्या चेहऱ्यावर आणा, बटण अर्धं दाबून धरा, फ्रेम पुन्हा जुळवा, मग पूर्ण दाबा. बटण असं आधीच अर्धं दाबून ठेवलं की क्लिक व्हायला लागणारा उशीरही कमी होतो, आणि हसू निसटतं ते बहुधा त्या उशिरातच.

इन्फ्रारेड किरण सोडून अंतर मोजणारे छोटे कॅमेरे अंधारातही बिनचूक चालतात. रात्री घरात फ्लॅश लावून फोटो काढायचे असतील, तर आम्ही बेलाशक हेच सुचवतो. फक्त खिडकीच्या काचेतून फोटो घेताना सांभाळा, कारण किरण काचेवरूनच परत येऊ शकतात. उलट बहुतेक ऑटोफोकस एसएलआर समोरच्या दृश्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद भागांतला फरक बघतात. त्यांना कोरा पांढरा सदरा दाखवला की लेन्स मागेपुढे घरघरत राहते. अशा वेळी सदऱ्याऐवजी कॉलरची कड किंवा डोळे पकडा.

आता हाताचा फोकस. उघड्यावर, दिवसाउजेडी आमचं मत सरळ याच्या बाजूने आहे, पण प्रत्येक फोटोला रिंग फिरवत बसू नका. ३५ मिमी लेन्स, एफ/८ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा लहान, तितकं छिद्र मोठं), फोकस ३ मीटरवर: एवढं लावून ठेवलंत की नेहमीच्या आकाराच्या प्रिंटमध्ये साधारण दोन ते सात मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. लेन्सवर अंतराच्या आकड्यांशेजारी छिद्रांचे आकडे दोन्ही बाजूंना कोरलेले असतात, ते याचसाठी. ४००च्या फिल्मवर ढगाळ हवेतही एफ/८ला १/२५० सेकंदाच्या आसपास शटर मिळतं. मग कॅमेरा नुसता डोळ्याला लावायचा आणि दाबायचं. याहून झटपट ऑटोफोकस आमच्या पाहण्यात नाही.

झोपाळ्यावरचं मूल टिपायचंय? झोका पुढच्या टोकाला जातो तिथे फोकस आधीच लावा आणि थांबा. त्या टोकाला झोका क्षणभर थबकतो, तेव्हाच दाबा.

खरी पंचाईत होते ती घरात, फ्लॅशशिवाय. ५० मिमी लेन्स एफ/२वर उघडली आणि माणूस दोन मीटरवर असला, तर स्पष्ट पट्टा जेमतेम वीस सेंटिमीटरचा. फोकस लावल्यावर तुम्ही नुसते पुढे झुकलात तरी तो निसटतो. इथे धावणाऱ्या मुलाचा नाद सोडा. वाचत बसलेले, काहीतरी निवडत बसलेले, झोपलेले लोक टिपा. व्ह्यूफाइंडरमधल्या दुभंगलेल्या वर्तुळात (फोकस चुकला की त्याच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्यात रेघ तुटलेली दिसते) चष्म्याची किंवा दाराची उभी कड जुळवा. आडव्या रेघेवर ते वर्तुळ काही सांगत नाही. मग कॅमेरा जरा तिरका धरून जुळवा आणि पुन्हा सरळ करा.

हे सगळं करूनही प्रत्येक रोलमध्ये फोकस ठरावीक एकाच बाजूला, नेहमी मागे किंवा नेहमी पुढे जात असेल, तर तुमचा हात नव्हे, कॅमेऱ्याची जुळणी बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. निगेटिव्ह आणि कॅमेरा दोन्ही आमच्याकडे घेऊन या. आत रोल नसावा. तपासताना मागचं झाकण उघडून, फिल्मच्या जागी दुधी काच ठेवून बघावं लागतं.