गोड बंद केलं म्हणून गाठ उपाशी मरत नाही

रावेर-यावलकडे घरात कोणाला कॅन्सर निघाला की पुष्कळदा पहिला घाला गोडावर पडतो. शेतात केळीचे घड लोंबत असतात आणि आजारी माणसाच्या ताटात केळं नसतं. तंबाखूपायी तोंडाचा कॅन्सर झालेल्याला, किरणोपचाराचा शेक घेऊन तोंड सोलवटलं असताना, कुस्करलेलं केळं तेवढं गिळता येतं. तेही तोडलं की वजन झपाट्याने उतरतं. हे पाहवत नाही.

कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात हे मात्र खरं. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी ते १९२०च्या दशकातच दाखवलं. किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचून काढतात त्या पेट स्कॅनमध्ये गाठ दिसते तीही त्यामुळेच. पण आपण उपास केला तरी यकृत ग्लुकोज तयार करून रक्तात सोडतंच. प्रश्न आहे तो पेशीच्या ओढीचा.

ती ओढ वाढवण्यात आरएनएवरच्या एका खुणेचा हात असतो. जनुकातला संदेश आरएनएवर उतरतो आणि त्यावरून प्रथिन बनतं. या आरएनएतल्या काही अ‍ॅडेनिनवर पेशी मिथाइल गट चिकटवते. संदेशाचा मजकूर बदलत नाही, पण तो किती काळ टिकेल आणि त्यातून किती प्रथिन बनेल, हे बदलतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ‘मेटल-३’ (METTL3) हे विकर (एन्झाइम) अशी खूण लावतं, तेव्हा ग्लुकोज आत घेणाऱ्या ‘ग्लुट-१’ या प्रथिनाचा संदेश जास्त टिकतो. मग साखर आत येते आणि अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल होऊन बाहेर पडते.

इथे प्रतिकारशक्तीची कोंडी होते. गाठीत शिरलेल्या टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींनाही, लढायला ग्लुकोज लागतं. ते गाठीने आधीच पळवलेलं, वर भोवती आम्ल साचलेलं. त्या मंदावतात आणि गाठ निसटते.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. ‘एफटीओ’ हे विकर हीच खूण पुसतं, आणि तरीही काही गाठींमध्ये साखरेची ओढ वाढवतं! खूण कोणत्या संदेशावर आहे, यावर सगळं ठरतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या गाठींमधलं एफटीओ रोखल्यावर टी-पेशी पुन्हा कामाला लागल्या. टी-पेशींना लगाम घालणारं ‘पीडी-एल१’ हे प्रथिन रोखणारं औषध जोडीला दिल्यावर गाठी आणखी आटोक्यात आल्या.

मेटल-३ रोखणाऱ्या गोळीच्या माणसांवरच्या चाचण्याही आता सुरू झाल्या आहेत. अडचण एवढीच की हीच विकरं निरोगी पेशींनाही लागतात, त्यामुळे गाठीला पुरेल पण शरीराला सोसेल असा डोस शोधावा लागतो.