लिस्टेरिया पकडणारी अँटीबॉडी बनते कशी?

कोविडनंतर अँटीबॉडी हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसलाय, पण बहुतेकांना वाटतं ती जंतू मारायचं काम करते. मारायचं काम बऱ्याचदा दुसऱ्याच पेशी नि प्रोटीनं करतात, अँटीबॉडी आधी ओळखते आणि चिकटते. प्रयोगशाळेला तिचं हे चिकटणंच हवं असतं.

लिस्टेरिया मोनोसायटोजेनस घ्या. अन्नातून पोटात जाणारा बॅक्टेरिया, फ्रिजमधे ४ डिग्रीलाही सावकाश वाढत राहतो, गरोदर बायकांना आणि म्हाताऱ्यांना जास्त धोका. अन्नाच्या नमुन्यातल्या ढीगभर जंतूंतून हा शोधायचा तर फक्त यालाच चिकटणारी अँटीबॉडी पाहिजे, आणि दर वेळी हुबेहूब तीच.

उंदराला मारलेले लिस्टेरिया टोचले की त्याच्या प्लीहेतल्या बी पेशी, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, कामाला लागतात. पण प्रत्येकीची अँटीबॉडी वेगळी, आणि बाहेर काढल्या की थोड्या दिवसात मरतात. १९७५ साली जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी बी पेशी मायलोमा या कॅन्सरच्या पेशीशी जोडली, म्हणजे एकीची अँटीबॉडी आणि दुसरीचं न मरणं. आता खरी गंमत बघा. जोडलेल्या पेशी थोड्याच असतात, त्या निवडायच्या कशा? तर मायलोमा मुद्दाम एचजीपीआरटी हे एन्झाइम नसलेला घेतात आणि सगळं मिश्रण हॅट नावाच्या खास पोषक द्रवात वाढवतात, त्यातलं अमिनोप्टेरिन डीएनए बनवायचा मुख्य रस्ता बंद करतं, मग उरतो त्याच द्रवातलं हायपोझँथिन वापरायचा आडरस्ता पण त्याला एचजीपीआरटी लागतं, म्हणून एकटा मायलोमा खलास, एकटी बी पेशी तशीही मरणारच, जगते ती फक्त जोडपेशी, कारण तिला बी पेशीकडून एचजीपीआरटी मिळतं! तिला हायब्रिडोमा म्हणतात. मग एकेक पेशी वेगळी वाढवून कुणाची अँटीबॉडी लिस्टेरियाला चिकटते ते तपासत बसायचं. याला १९८४ चं नोबेल मिळालं. (एवढी उस्तवार एका नेमक्या अँटीबॉडीसाठी, आणि जाहिरातवाले म्हणे एका गोळीत 'सगळ्या' अँटीबॉडी वाढवतात.)

तरी लिस्टेरिया दमवतोच. लिस्टेरिया इनोकुआ हा त्याचा निरुपद्रवी भाऊबंद, पृष्ठभाग इतका सारखा की बऱ्याच अँटीबॉडी दोघांनाही चिकटतात. दुसरं म्हणजे तापमान. साधारण ३० डिग्रीच्या खाली याला पोहायच्या शेपट्या (फ्लॅजेला) फुटतात, ३७ डिग्रीला याचे बहुतेक स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, त्या बनवणंच बंद करतात. म्हणजे शेपटीविरुद्धची अँटीबॉडी घेतली आणि जंतू ३७ डिग्रीला वाढवले, तर नमुना लिस्टेरियाने भरलेला असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते.