पोकलेनचा फिरता टेकू

"एवढं वीस टनांचं धूड, ते कसलं उलटतंय!" पोकलेन शिकायला आलेल्यांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी त्यावरच लिहायला बसलो. जड वस्तू सहज पडत नाही हे आपण लहानपणापासून बघत आलोय. गच्च भरलेलं कपाट ढकलून हलतही नाही. पण कपाट कधी सात मीटर लांब हात पुढे काढून ओझं उचलत नाही. पोकलेन दिवसभर तेच करतं.

(यंत्राचं खरं नाव एक्स्कॅव्हेटर. पोक्लेन या फ्रेंच कंपनीचं नाव आपण जातीलाच देऊन टाकलं.) खाली दोन ट्रॅक, ज्यांना चालक चेन म्हणतात. त्यावर गोल फिरणारा वरचा भाग, त्यात केबिन, इंजिन आणि मागे काउंटरवेट, म्हणजे तोल राखणारं वजन. पुढे बूम (मोठा हात), आर्म (त्याला जोडलेला धाकटा हात) आणि बकेट.

त्याची ताकद येते पास्कलच्या नियमातून: बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. सिलिंडरमधल्या हायड्रॉलिक तेलाचा दाब साधारण ३५० बार असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३५० किलो. १२ सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ होतं ११३ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की एका सिलिंडरचा जोर ४० टनांच्या घरात जातो, आणि बूमला असे दोन सिलिंडर असतात. जॉयस्टिकला मात्र दोन बोटांचं बळ पुरतं, कारण जॉयस्टिकचा या तेलाशी थेट संबंधच नसतो. ती कमी दाबाच्या वेगळ्या तेलातून किंवा विजेच्या संकेतातून फक्त व्हॉल्व्ह सरकवते.

म्हणूनच बकेट रिकामी असो की दोन टन ओल्या मातीने भरलेली, जॉयस्टिक बोटांना सारखीच लागते. पाण्याची बादली उचलताना खांदा आपल्याला सांगतो की आता बेताने. पोकलेनमध्ये खांद्याचा हा निरोप बोटांपर्यंत पोहोचतच नाही. जे हाताला कळत नाही ते डोक्याने ओळखायचं, हेच इथे शिकायचं असतं.

काय ओळखायचं? शाळेतली तरफ आठवा: टेकू, भार आणि बल. पोकलेनचा टेकू म्हणजे ओझ्याच्या बाजूला असलेली ट्रॅकची कड. कडेच्या एका अंगाला लोंबणारं ओझं, दुसऱ्या अंगाला यंत्राचं स्वतःचं वजन. दोन्हीकडे वजन गुणिले कडेपासूनचं आडवं अंतर, म्हणजेच आघूर्ण, मोजायचं. ओझ्याचं आघूर्ण वरचढ झालं की यंत्र कलंडतं. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की हा टेकू एका जागी राहत नाही. ट्रॅक लांबीला जास्त आणि रुंदीला कमी. बूम ट्रॅकच्या दिशेने असेल तर कड यंत्राच्या मध्यापासून लांब पडते, आणि बूम आडवी फिरवली की तीच कड जवळ येते.

आकडे घालून बघू. समजा यंत्र २० टनांचं आहे आणि हात लांब केल्यावर त्याचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून ओझ्याच्या दिशेने ३५ सेंटिमीटर सरकलाय. पुढची कड अक्षापासून १.७ मीटरवर, बाजूची १.२ मीटरवर. ओझं अक्षापासून ७.५ मीटरवर टांगलंय.

बूम समोर असताना गुरुत्वमध्य कडेच्या १.३५ मीटर आत राहतो. २० गुणिले १.३५ म्हणजे २७ टन-मीटर. ओझं कडेच्या ५.८ मीटर बाहेर आहे, म्हणून सुमारे ४.७ टनांना मागचा भाग उचलला जाईल. आता बूम बाजूला फिरवा. गुरुत्वमध्य कडेच्या फक्त ८५ सेंटिमीटर आत उरतो, आघूर्ण १७ टन-मीटरवर येतं, आणि ओझं मात्र ६.३ मीटर बाहेर गेलंय. उत्तर येतं २.७ टन. वजन तेच, लांबी तीच, जॉयस्टिकवरची बोटंही तशीच. साडेतीन टनांचा पाइप समोरून शांतपणे उचलणारं यंत्र पाव फेरी पुरी होण्याआधीच आडवं होऊ शकतं.

म्हणून केबिनमधल्या उचल-क्षमतेच्या तक्त्यात समोरचे आणि बाजूचे आकडे वेगळे छापलेले असतात. आयएसओ १०५६७ या मानकानुसार त्यातला आकडा उलटण्याच्या भाराच्या ७५ टक्के किंवा हायड्रॉलिक क्षमतेच्या (तेलाच्या दाबाने जेवढं उचलता येतं त्याच्या) ८७ टक्के, यांपैकी जो कमी असेल तो. तोही सपाट, घट्ट जमिनीवर. जमीन ओझ्याच्या बाजूला १० अंश कलली आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून मीटरभर उंच असला, तर ८५ सेंटिमीटरचे साधारण ६६ होतात. १७ टन-मीटरपैकी तेरा आणि थोडे उरतात. झोका घेणारं ओझं आणि झटक्यात थांबवलेलं स्विंग (वरच्या भागाचं फिरणं) यांचा हिशोब अजून धरलेलाच नाही.

अपघातानंतर "वेळच वाईट होती" असं म्हणायची पद्धत मला मनापासून खटकते. वेळ नव्हे, अंतर वाईट होतं, आणि ते आधी मोजता आलं असतं. दुसऱ्या टोकाला, सिम्युलेटरवर चार दिवस बसलं की चालक तयार, अशा जाहिरातीही आहेत. जॉयस्टिकची सवय लागायला सिम्युलेटर उत्तमच. पण जागेवरच राहणाऱ्या खुर्चीत बसून, मागची चेन जमिनीवरून सुटताना कमरेला काय जाणवतं ते कळत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. जॉयस्टिकच्या दोन रचना प्रचलित आहेत. एकीत बूम उजव्या हाताने पुढे-मागे होते, दुसरीत डाव्या. मशीन बदललं की आधी हे मोकळ्या जागेत तपासायचं. वरचा भाग अर्धी फेरी फिरलेला असेल तर चालण्याचे लिव्हर उलटे वागतात, म्हणून ट्रॅकचं दातेरी चाक कुठे आहे ते बघायचं. नेहमीच्या स्थितीत ते मागे असतं. खाली उतरताना बकेट जमिनीवर आणि लॉक लिव्हर (जॉयस्टिक निकामी करणारा) 'लॉक'वर. स्विंग करताना काउंटरवेट मागून फिरतं. त्या घेऱ्यात माणूस नको.

आणि मशीन कलंडायला लागलंच तर? पहिली खूण म्हणजे ओझ्याच्या विरुद्ध बाजूच्या चेनखाली दिसणारी फट. तेव्हा स्विंग थांबवून ओझं बेताने जमिनीवर टेकवायचं. टेकलेलं ओझं जमीन पेलते, आणि तरफेचा एक हातच गळून पडतो. तेवढाही वेळ मिळाला नाही तर बाहेर उडी मारायची नाही. माणूस जिकडे उडी मारतो तिकडेच अनेकदा मशीन पडतं. केबिनच्या मजबूत सांगाड्यात, पट्टा बांधलेल्या स्थितीत, सीट धरून बसून राहायचं. पट्टा अर्थातच इंजिन सुरू करण्याआधी बांधलेला हवा.