राजाचं तोंड बघून नोट ओळखू नका

रिझर्व्ह बँकेची नोट कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. वर बँकेचं नाव, खाली गव्हर्नरची सही आणि मध्ये धारकाला तेवढे रुपये देण्याचं वचन. गोंधळ होतो तो आणे-पैच्या काळातल्या, म्हणजे 1 एप्रिल 1957 च्या आधीच्या नोटांमध्ये. तेव्हा नोटा काढणारे दोघे होते, भारत सरकार आणि रिझर्व्ह बँक. आपले संग्राहक मात्र त्यांची वाटणी नोटेवर छापलेल्या ब्रिटिश राजाच्या तोंडावरून करतात. पंचम जॉर्ज दिसला की सरकारी, सहावा जॉर्ज दिसला की बँकेची. विक्रेत्यांच्या पाकिटांवर आणि प्रदर्शनातल्या चिठ्ठ्यांवरही हाच ठोकताळा इतक्या ठामपणे लिहिलेला असतो की नवा माणूस तो खराच मानतो.

ठोकताळा आला कुठून, ते सोपं आहे. रिझर्व्ह बँक 1 एप्रिल 1935 ला सुरू झाली, पण तिच्या स्वतःच्या नोटा तयार नव्हत्या. तोवर सरकारच्याच नोटा चालवायची मुभा कायद्याने दिली होती. बँकेची पहिली नोट जानेवारी 1938 मध्ये आली, पाच रुपयांची. पंचम जॉर्ज 1936 मध्येच वारला होता, त्यामुळे तिच्यावर सहावा जॉर्ज आला. त्याच वर्षी दहा, शंभर, हजार आणि दहा हजारांच्या नोटाही निघाल्या. म्हणजे पाच रुपयांपासून वर हा नियम चालतो, आणि तो चालतो म्हणूनच माणसं फसतात.

एक रुपयाची नोट हातात आली की तो कोसळतो. पंचम जॉर्जच्या एका रुपयावर 1935 हे साल आणि जे. डब्ल्यू. केली या सरकारी अधिकाऱ्याची सही असते, पण ही नोट लोकांच्या हातात पडली 1940 मध्ये, राजा जाऊन चार वर्षं झाल्यावर. महायुद्धामुळे सरकारने ऑगस्ट 1940 मध्ये एका रुपयाची नोट पुन्हा सुरू केली, त्या वेळची ही गोष्ट. त्याच सुमाराची दुसरी नोट सहाव्या जॉर्जची, साल 1940, सही सी. ई. जोन्स यांची, तेही सरकारी अधिकारीच. दोन वेगळे राजे, दोन वेगळी सालं, पण दोन्ही नोटा सरकारच्याच. दुसरी नोट मी कितीतरी अल्बममध्ये 'रिझर्व्ह बँक, सहावा जॉर्ज' या पानावर लावलेली पाहिली आहे. नोटेवर ठळक अक्षरांत भारत सरकारचं नाव आहे, ते कुणी वाचतच नाही.

आता कुणी म्हणेल, कुणाचं का नाव असेना, रुपया तो रुपयाच. इथेच खरी मेख आहे. बँकेची नोट म्हणजे बँक तुमचं जे देणं लागते ते, म्हणून तिच्यावर वचन छापतात. 1940 पासूनच्या एका रुपयाच्या नोटेवर वचन नाही, कारण तिला कायद्याने रुपयाच्या नाण्याचाच दर्जा दिलेला आहे. ती स्वतःच पैसा आहे, तिच्या बदल्यात आणखी काय देणार? 2011 च्या नाणे कायद्यातही 'नाणं' या शब्दाच्या व्याख्येत भारत सरकारची एक रुपयाची नोट धरलेली आहे. नोटेवर नाण्याचं चित्र असतं ते म्हणूनच. ती निव्वळ सजावट नव्हे. एक रुपयाच्या नोटांत वचनाचा अपवाद एकच, 30 नोव्हेंबर 1917 ला आलेली पहिली एक रुपयाची नोट. ती सरकारचीच, पण तिच्यावर वचन आहे. तेव्हा केवळ वचन शोधूनही भागत नाही. नाव वाचावंच लागतं.

सहीवरून ओळखतो म्हणणारे स्वतःला जरा वरच्या वर्गातले समजतात. त्यांच्यासाठी जेम्स टेलर. हा माणूस आधी सरकारचा चलन नियंत्रक होता, त्यामुळे पंचम जॉर्जच्या पाच-दहाच्या सरकारी नोटांवर त्याची सही आहे. पुढे तो रिझर्व्ह बँकेचा दुसरा गव्हर्नर झाला, म्हणून सहाव्या जॉर्जच्या बँक नोटांवरही त्याचीच. (पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही.) टेलर 17 फेब्रुवारी 1943 ला वारला आणि दोन रुपयांची नोट 3 मार्चला बाहेर पडली, तीही त्याच्या सहीची. त्यानंतर आपले चिंतामणराव देशमुख आले. सही काळ सांगते, तोही अंदाजे. नोट कुणी काढली, हे ती सांगत नाही.

पाकिस्तानचं नाव असलेल्या नोटांचा घोळ असाच. फाळणीनंतर 1948 मध्ये काही महिने तिकडेही रिझर्व्ह बँकेच्याच नोटा चालल्या, आणि त्यांवर इंग्रजीत व उर्दूत 'पाकिस्तान सरकार' असं छापलं होतं. 'सरकार' शब्द दिसला म्हणून दोन, पाच, दहा आणि शंभरच्या या नोटा सरकारी पानावर लावू नका. त्यांच्यातली भारत सरकारची फक्त एक रुपयाची.

आकार, रंग, जलचिन्ह हे फरक कॅटलॉगमध्ये सापडतात, त्यात अडकण्यासारखं काही नाही. माझा आग्रह एवढाच की अल्बममध्ये एक रुपयाच्या नोटांना स्वतंत्र भाग द्या, आणि त्या राजांप्रमाणे न लावता सलग लावा: 1917, मग 1935 आणि 1940, मग 1949 ची के. आर. के. मेनन यांच्या सहीची अशोकस्तंभवाली. ही स्वतंत्र भारताची पहिली नोट, आणि तीही सरकारचीच.

दशमान पद्धत आल्याची खूणही एका रुपयावरच उमटली. 1957 च्या नोटेच्या मागे जे नाणं छापलंय त्यावर '100 नये पैसे' लिहिलेलं आहे. बँकेच्या नोटांवर असं काही बदललं नाही, कारण रुपया तोच राहिला, त्याचे सोळा आणे तेवढे गेले. म्हणून तिथे मात्र सहीचा उपयोग करा. बी. रामा राव जानेवारी 1957 मध्ये गव्हर्नरपदावरून गेले, तेव्हा त्यांच्या सहीची नोट आण्यांच्या काळातली धरायला हरकत नाही. एच. व्ही. आर. अय्यंगार 1 मार्च 1957 ला गव्हर्नर झाले, म्हणजे आणे जायच्या जेमतेम महिनाभर आधी. त्यांच्या सहीची दहाची नोट दाखवून 'आण्यांच्या जमान्यातली आहे' म्हणत कुणी जास्त पैसे मागितले, तर देऊ नका.