मजा कमी झालीय? टेकडी चढण्याआधी हे वाचा
(जुन्या विद्यार्थ्यांसाठी आणि विमानातून उडी मारून आलेल्यांसाठी)

पाऊस ओसरला, कामशेतच्या टेकड्यांवरचं गवत पिवळं पडायला लागलं, की आमच्या पॅराग्लायडिंग शाळेचे फोन सुरू होतात. नवे लोक विचारतात, "भीती वाटेल का?" त्याचं उत्तर सोपं आहे, वाटेल. जुन्यांचा प्रश्न जरा अवघड असतो. "सर, पहिल्या फ्लाइटला रात्रभर झोप लागली नव्हती. आता पंधरा-वीस झाल्या आणि काहीच वाटत नाही. थ्रिल संपलं का हो?" अलीकडे आणखी एक मंडळी येतात, दुबईला किंवा पट्टायाला जाऊन स्कायडायव्हिंग करून आलेली. त्यांना धास्ती असते की तेरा हजार फुटांवरून उडी मारल्यावर आमची टेकडी म्हणजे घसरगुंडी वाटेल.

दर शनिवारी हे वीस वीस मिनिटं सांगत बसलो की तेवढ्यात वारा निघून जातो. म्हणून लिहूनच काढलं. येताना गाडीत वाचा. चालवणाऱ्याने नको, शेजारच्याने.

तर, थ्रिल कमी होतं का? होतं. नव्याचे नऊ दिवस इथेही आहेत आणि जो नाही म्हणतो तो काहीतरी विकतोय. पहिल्या टेकऑफला जमीन पायाखालून सरकते तेव्हा पोटात जो गोळा येतो, तो साधारण दहा-पंधरा फ्लाइटनंतर येईनासा होतो. आमच्याकडे शिकलेल्या बहुतेकांचं असंच झालं. माझंही झालं.

पण कमी नक्की काय होतं ते बघा. वॉल्टर फेन्झ आणि सेमूर एपस्टाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांना विमानातच यंत्रं लावली. हृदयाचे ठोके, श्वास, त्वचेवरचा घाम असं सगळं विमान वर चढत असताना मोजलं. नवख्यांचा आलेख दार उघडेपर्यंत चढतच गेला. अनुभवी लोकांचाही चढला, पण आधीच चढला आणि उडीची वेळ येईपर्यंत खाली आला. म्हणजे अनुभवी माणूस घाबरत नाही असं नाही. त्याची भीती लवकर येते, काम करून जाते आणि दारात उभं राहायच्या वेळी त्याला मोकळं सोडते. टेकऑफला मी हे रोज बघतो. जुना पायलट सकाळी चहाच्या टपरीवरच गप्प गप्प असतो, सारखा वर ढगांकडे बघतो. विंग (पॅराग्लायडरचा कापडी पंख) पसरली की माणूस एकदम शांत. नवखा टपरीवर विनोद सांगतो आणि टेकऑफला त्याचे ओठ पांढरे पडतात.

उतरल्यावरचं तर अजून गमतीचं. रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट यांनी १९७४ साली मांडलं होतं की नवशिक्या उडी मारून जमिनीवर आला की काही मिनिटं थिजल्यासारखा असतो आणि मग एकदम बडबडायला लागतो. अनुभवी माणसाला आधी भीती कमी वाटते, पण उतरल्यावरचा आनंद तासन्‌तास टिकतो. त्यांनी शास्त्रीय भाषेत सांगितलं, आमच्याकडे ते लँडिंगच्या शेताच्या बांधावर दिसतं. पहिल्या फ्लाइटवाला बायकोला फोन लावतो आणि त्याला धड बोलता येत नाही. दोनशे फ्लाइटवाला शांतपणे विंग गोळा करतो, आणि रात्री जेवताना अचानक म्हणतो, "ती घार दिसली का तुम्हाला, डावीकडची?"

स्कायडायव्हिंग करून आलेल्यांना एवढंच सांगतो की तुलना करू नका. तिथे पोटावर आडवं पडून खाली येताना वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास जातो आणि पॅराशूट उघडेपर्यंतचा खेळ मिनिटाभराचा असतो. टँडम असेल तर सगळं काम पाठीमागचा माणूस करतो, तुम्ही फक्त ओरडता. आमची साधी विंग हवेतून ताशी पस्तीस-चाळीसच्या आसपास चालते, म्हणजे गल्लीतली स्कूटर. पण ती तुम्ही चालवता. हवा चांगली असेल तर संध्याकाळी तासभर पवनेचं पाणी समोर ठेवून टेकडीच्या कडेने येरझाऱ्या घालता येतात. पोटातल्या गोळ्यासाठी येणार असाल तर पहिल्या दिवशी हिरमोड होईल, आधीच सांगितलेलं बरं.

आता जे सांगायला हा कागद काढला ते. थ्रिल गेल्याचं दुःख नाही. ते गेल्यावर माणसं जे करतात त्याने आमचे हाल होतात.

काही जण मजा परत आणायला वरच्या वर्गाची विंग मागतात (ए सगळ्यात सोपी, पुढे बी, सी अशी अवघड होत जाते). "सर, ए विंगचा कंटाळा आला, सी घेतो." सी विंग वेगाने पळते, पण हवा बिघडली की तेवढ्याच वेगाने कोसळते आणि सावरायला हात तयार लागतात. आम्ही विंग विकतो, त्यामुळे नाही म्हणताना आमचंच नुकसान होतं हे लक्षात घ्या, तरीही नाहीच म्हणतो. या सीझनलाही म्हणणार.

पण खरी डोकेदुखी आहे ती उतावळ्या नवऱ्यांची. माणूस मार्चमध्ये शेवटचा उडालेला असतो. नोव्हेंबरात येतो. आम्ही विचारतो, "शेवटची फ्लाइट कधी?" उत्तर येतं, "अहो आत्ताच, सीझनमध्ये." कुठला सीझन ते सांगत नाही. मैदानावर ग्राउंड हँडलिंग, म्हणजे जमिनीवर उभं राहून विंग हवेत धरायचा सराव, करायला सांगितलं की नाक मुरडतो. एका साहेबांनी तोंडावर म्हटलंय, "पैसे भरून इथे चिंध्या ओढायला आलो नाही." मग वर जातात. बॅग उघडतात. आतून जे बाहेर येतं ते बघून आमची पोरं डोक्याला हात लावतात.

कारण मार्चमध्ये ही विंग घाईत कोंबलेली असते. एका विंगला दोन-अडीचशे मीटर दोर असतात, काही बुटाच्या नाडीहूनही बारीक. घडी करताना दोर आत नीट घेतले नाहीत, रायझर (दोरांना हार्नेसशी जोडणारे पट्टे) एकमेकांत घातले नाहीत, तर हार्नेस (आपण बसतो ती पट्ट्यांची सीट) त्यातून एकदा आरपार जातो आणि अख्ख्या विंगला पीळ बसतो. वर गवताची कुसळं. हिवाळ्यात मावळातल्या टेकड्यांवर मोज्यांत घुसतात तीच कुसळं दोरांच्या गाठीत बसली की सुटता सुटत नाहीत. गेल्या डिसेंबरात एका विंगचा गुंता सोडवायला आम्हाला अठ्ठावीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बसलो होतो, रागाने. दुपारचा पश्चिमेचा वारा आमच्या टेकडीवर येतो तो काही दिवसभर राहत नाही. नवख्यांना उडवण्याइतका शांत आणि उचलण्याइतका जोरदार असा वारा कधी दोन तास मिळतो, कधी पाऊणच तास. त्या दिवशी मागे पाच जण हार्नेस घालून उन्हात उभे होते. तिघांना उडता आलं. दोघं खाली आली, पायी.

त्या दोघांपैकी कुणी तक्रार केली नाही, पण पुन्हाही आले नाहीत. आमचं छोटं दुकान आहे. आम्हाला ते परवडत नाही.

आणि गुंत्याचं एक वेळ चालेल. एक गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. ठाण्याचे एक गृहस्थ, तिसरा सीझन, हात चांगला, आमच्याकडच्या बऱ्यांपैकी. वारा मस्त, मागे रांग, हे फोनवर बोलत बोलत हार्नेस घालत होते. छातीचा पट्टा लावला, फोन खिशात टाकला, विंगकडे तोंड करून रायझर हातात घेतले. विंग वर आली, अगदी सुंदर. ते वळले आणि पळायला लागले. आमचा गावातला पोरगा, वयाने विशीच्या आत, दोन ढांगांत गेला आणि मागून हार्नेसला लटकला. दोघं कुसळांत आपटले, विंग शेजारच्या झुडपात. गृहस्थ भयंकर चिडले. पोरगा काही बोलला नाही, नुसतं त्यांच्या मांड्यांकडे बोट दाखवलं. पायांचे दोन्ही पट्टे मोकळे लोंबत होते.

पायांचे पट्टे नसतील तर माणूस सीटमध्ये बसत नाही, छातीच्या पट्ट्याला काखेत लटकतो. हात वर ताणलेले, ब्रेक (विंग वळवायच्या दोऱ्या) धड ओढता येत नाहीत, आणि दम संपला की खाली निसटतो. जगभर अशी माणसं गेली आहेत आणि त्यांत अनुभवी होती. म्हणून आता हार्नेस बनवणाऱ्यांनी पायाचे पट्टे सोडून छातीचा लागूच नये अशी बकलं काढली आहेत. आम्ही शाळेचे सगळे हार्नेस तसे घेतले, खर्च झाला. स्वतःचा जुना हार्नेस घेऊन येणाऱ्यांनो, तो एकदा दाखवून जा.

पहिल्या फ्लाइटला कुणी पट्टा विसरत नाही. भीतीच सगळं तपासून घेते, चार चार वेळा. भीती गेली की ते काम कुणीतरी करायला लागतं. ते आमच्याकडे यादी करते: हेल्मेट, पाय, छाती, रिझर्व्हची (संकटकाळच्या पॅराशूटची) पिन, रायझरची कॅराबिनर (जोडणारी कडी), दोर, वारा, वरची मोकळी जागा. मोठ्याने म्हणायची. पाचशे फ्लाइटवाल्यानेही. लोक हसतात, म्हणतात शाळेतली प्रार्थना. असू दे.

आपल्या पुण्याच्या शीतल महाजन बघा. २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी, पुढे अंटार्क्टिकावर, २०१८ला थायलंडमध्ये नऊवारी नेसून, २०२३ला एव्हरेस्टसमोर. शेकडो उड्या मारलेल्या बाईला पोटातल्या गोळ्याचं अप्रूप किती उरलं असेल, मला ठाऊक नाही. पण नऊवारी नेसून पॅराशूट बांधायचं म्हणजे काष्टा, पदर, पट्टे यांतलं काही कशात अडकणार नाही याची किती तालीम करावी लागली असेल त्याचा विचार करा. फोनवर बोलत बोलत होणारं ते काम नव्हे.

तर आमचा नियम असा. दोन महिन्यांहून मोठी गॅप असेल तर पहिली सकाळ मैदानावर. जुन्या विद्यार्थ्यांकडून त्याचे पैसे घेत नाही. कमीत कमी तासभर विंग डोक्यावर धरायची, उलट्या तोंडाने, मग डोळे मिटून. डोळे मिटून हे मुद्दाम. ज्यांना वाटतं की आपल्याला आता सगळं येतं, त्यांची विंग दहा सेकंदांत बाजूला लोळते आणि गेलेलं थ्रिल तिथेच परत येतं, जमिनीवर, फुकट. आमचे दोन-तीन जुने लोक तर हल्ली फक्त त्यासाठी येतात, टेकडी चढतच नाहीत. गुडघ्यांचं कारण सांगतात.

गॅप खरी सांगा. आम्ही रागावत नाही. खोटी सांगितलीत तरी पहिल्या दोन मिनिटांत तुमचे हात सांगतातच.

आणि खरोखरच टेकडीच्या येरझाऱ्यांचा कंटाळा आला असेल तर विंग बदलू नका, हवा बदला. थर्मल शिका. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवेचा फुगा सुटतो, त्यात शिरायचं आणि त्याच्यासोबत गोल फिरत वर जायचं. घारी हेच करतात, पंख न हलवता. पहिल्यांदा व्हेरिओ (आपण वर चाललोय की खाली ते सांगणारं यंत्र) टीं टीं करायला लागतो आणि टेकडी खाली राहते, तेव्हा जुन्या माणसाच्याही पोटात काहीतरी हलतं. आमची थर्मलची तुकडी फेब्रुवारीत असते, सहा जणांचीच. एप्रिल-मेच्या भर दुपारी नवख्यांना आम्ही वर सोडत नाही, कारण तेव्हाचे थर्मल दणके देतात. सकाळ किंवा संध्याकाळ, एवढंच. "बाजूचे सोडतात" हे आम्हाला सांगू नका.

ज्यांच्या चाळीसेक फ्लाइट आणि थर्मलची तुकडी झाली आहे त्यांना ऑक्टोबरात हिमाचलात बीर-बिलिंगला नेतो. तिथलं टेकऑफ २४०० मीटरच्या आसपास आणि लँडिंग हजारेक मीटर खाली. २०१५ला तिथे पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा झाली होती, त्यावरून हवेची कल्पना येईल. तिथे गेल्यावर आजवर एकानेही मला विचारलं नाही की थ्रिल कुठे गेलं. एकाने एवढंच विचारलं की खाली उतरायचं कसं.

विंगची घडी कशी घालायची हे दर शनिवारी संध्याकाळी शेतात दाखवतो, ज्याला हवं त्याने थांबावं. रिझर्व्हची घडी वर्षातून एकदा उलगडून पुन्हा घालून घ्या. आमच्याकडे होते, दुसरीकडे केलीत तरी तारीख लिहून आणा. येताना गुळगुळीत कापडाचे मोजे घाला, लोकरी नकोत, कुसळांसाठी सांगतोय. मैदानावर साडेसहाला. पोहे सातपर्यंत असतात, त्यानंतर आमची पोरं काही शिल्लक ठेवत नाहीत.