ईसॉपचे शेअर कंपनीच्या ब्रोकरकडून आपल्या डीमॅट खात्यात कसे आणायचे

नोकरी पुण्यात किंवा बेंगळुरूत, घर बेळगाव, खानापूर नाहीतर निपाणीत, आणि ईसॉपचे (कंपनीनं कर्मचाऱ्यांना ठरलेल्या किमतीत शेअर घेण्याचा जो हक्क, म्हणजे ऑप्शन, दिलेला असतो त्याचे) शेअर कंपनीनं ठरवून दिलेल्या ब्रोकरकडे: सीमाभागातल्या पुष्कळ घरांत हेच चित्र आहे. हे शेअर आपल्या नेहमीच्या डीमॅट खात्यात आणता येतात. त्यासाठी विकावे लागत नाहीत आणि मालक तोच राहत असल्यानं भांडवली नफ्यावर करही लागत नाही.

नोकरी सोडणार असाल तर एक काम राजीनाम्याआधीच करा. कंपनीनं उघडून दिलेल्या खात्याला बहुतेक वेळा ऑफिसचा ई-मेल जोडलेला असतो. शेवटच्या दिवशी तो बंद होतो आणि पुढचे ओटीपी तिकडेच जात राहतात. जुन्या डीपीकडे स्वतःचा ई-मेल, चालू मोबाइल नंबर आणि सध्याचा पत्ता नोंदवून घ्या. डीपी म्हणजे ज्या ब्रोकरकडे किंवा बँकेत तुमचं डीमॅट आहे तो. पत्ता पुण्यातल्या जुन्या खोलीचा राहिला तर कागदही तिथेच जातील.

कोणते शेअर हलतात

फक्त डीमॅटमध्ये जमा झालेले. व्हेस्ट न झालेले (हक्क अजून पक्का न झालेले) किंवा व्हेस्ट होऊनही एक्सरसाइज न केलेले (पैसे भरून शेअर न घेतलेले) ऑप्शन हे शेअर नव्हेत, ते दुसऱ्या खात्यात जात नाहीत. होल्डिंग स्टेटमेंटमध्ये 'फ्री बॅलन्स', म्हणजे हलवायला मोकळे शेअर, किती आहे ते बघा. लॉक-इनमधले (ठरावीक काळ हलवायला बंदी असलेले) शेअर मुदत संपेपर्यंत थांबतात. एक्सरसाइजसाठी कर्ज घेतलं असेल तर शेअर तारण असतात, ते आधी सोडवून घ्यावे लागतात. अजून नोकरीत असाल आणि कंपनीच्या इनसायडर ट्रेडिंगच्या (आतली माहिती असल्यानं शेअर व्यवहारांवर निर्बंध असलेल्यांच्या) यादीत नाव असेल, तर कंप्लायन्स अधिकाऱ्याला आधी लेखी विचारा.

अमेरिकन कंपनीचे शेअर भारतीय डीमॅटमध्ये येत नाहीत. ते तिथल्याच एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे जातात आणि अर्ज नव्या ब्रोकरकडे करायचा असतो.

कागदपत्रं आणि नावाचा घोळ

नव्या खात्याचा क्लायंट मास्टर रिपोर्ट (खात्याचा तपशील असलेला कागद) लागतो, डीपीच्या सही-शिक्क्याचा किंवा डिजिटल सहीचा. सोबत पॅनची प्रत आणि जुन्या खात्याचं होल्डिंग स्टेटमेंट. दोन्ही खात्यांतला पॅन एकच हवा, आणि धारकही तेच, त्याच क्रमानं. नवं खातं वडिलांसोबत किंवा बायकोसोबत संयुक्त असेल तर तो 'स्वतःच्या खात्यात' केलेला बदल ठरत नाही. त्यासाठी फक्त स्वतःच्या नावाचं वेगळं खातं उघडणं सोपं.

आपल्याकडे पॅनवर वडिलांचं नाव मध्ये आणि कंपनीच्या नोंदीत नुसती आद्याक्षरं, असं सर्रास होतं. अर्जाआधी दोन्ही खात्यांत नाव पॅनप्रमाणे करून घ्या. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या नोंदीत एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं दिसेल. त्यानं शेअर अडत नाहीत, पण पत्ता बदलायचाच असेल तर आधारवरचा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा लिहा.

ऑनलाइन की स्लिप

सीडीएसएल आणि एनएसडीएल या दोन डिपॉझिटरी, म्हणजे डीमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्था. जुनं खातं सीडीएसएलचं असेल तर तिची 'ईझिएस्ट' ही ऑनलाइन सेवा, एनएसडीएलचं असेल तर 'स्पीड-ई'. नोंदणी करून नवं खातं जोडायचं, मग कंपनी, संख्या आणि कारण भरायचं. हे जमत नसेल तर डीआयएस, म्हणजे डिलिव्हरी इन्स्ट्रक्शन स्लिप.

चुका होतात त्या स्लिपवर. सीडीएसएलचा खाते क्रमांक सोळा अंकी असतो. एनएसडीएलमध्ये 'आयएन'नं सुरू होणारा आठ अक्षरी डीपी आयडी आणि आठ अंकी क्लायंट आयडी वेगळे लिहायचे. जुनं आणि नवं खातं वेगवेगळ्या डिपॉझिटरीत असेल तर इंटर-डिपॉझिटरीचा रकाना भरायचा. 'ऑफ-मार्केट'वर (शेअर बाजाराबाहेरचा व्यवहार) खूण करा. बारा अक्षरी आयएसआयएन (शेअरचा ओळख क्रमांक) स्टेटमेंटवरून उतरवा, संख्या अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहा, उरलेल्या ओळींवर रेघ मारा. कारण 'स्वतःच्या खात्यात' हेच. चुकून विक्रीचं कारण टाकलं तर मोबदल्याची रक्कम आणि ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क मागे लागतं. खाडाखोड झाली की नवी स्लिप घ्या. सही खातं उघडताना केली होती तशीच हवी. तेव्हा इंग्रजीत केली असेल आणि आता मराठीत करत असाल तर स्लिप परत येते.

ब्रोकरची शाखा बेळगावात असली तरी स्लिप तिथे घेतात का, हे फोन करून विचारा. काही जण फक्त मुख्य कार्यालयात कुरिअरनं मागवतात. तसं असेल तर अंमलबजावणीची तारीख काही दिवस पुढची टाका आणि पाठवण्याआधी फोटो काढून ठेवा. स्लिप पोचल्यावर मोबाइल आणि ई-मेलवर संमतीसाठी ओटीपीची लिंक येते. ती वेळेत पूर्ण केली नाही तर व्यवहार रद्द होतो.

शुल्क साधारणपणे प्रत्येक आयएसआयएनमागे असतं, वर १८ टक्के जीएसटी. जुनं खातं नकोच असेल तर सगळे शेअर हलवून खातं बंद करण्याचा एकत्रित अर्ज द्या. धारक तेच असतील तर या बदलीचं शुल्क माफ असतं.

शेअर आल्यानंतर

नव्या ब्रोकरच्या ॲपवर खरेदी किंमत शून्य किंवा भलतीच दिसते. समजा, १०० रुपयांना एक्सरसाइज केलं तेव्हा बाजारभाव ४०० होता. मधल्या ३०० वर पगारातूनच कर गेला आहे. पुढे ४५० ला विकलं तर नफा ५० रुपये, ३५० नव्हे. म्हणून ॲपमध्ये ४०० हीच किंमत भरा. करासाठी शेअर किती काळ ठेवले ती मुदत मोजायची शेअर वाटपाच्या तारखेपासून, नव्या खात्यात आले त्या दिवसापासून नाही.

आधीचेच त्याच कंपनीचे शेअर नव्या खात्यात असतील तर विकताना हिशोब गुंततो, कारण 'आधी आलेले आधी गेले' हा नियम प्रत्येक खात्याला स्वतंत्र लागतो. असा गुंता नको असेल तर ईसॉपसाठी वेगळं खातं ठेवा. एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या व्यवहारांच्या वार्षिक विवरणात) ही बदली ऑफ-मार्केट व्यवहार म्हणून दिसू शकते. ती विक्री नाही, हे तिथेच प्रतिसादात नोंदवा. त्यासाठी एक्सरसाइजचं पत्र, वाटपाची तारीख आणि फॉर्म १६ सोबतचं परक्विझिटचं (पगारात धरलेल्या फायद्याचं) विवरण लागतं. ही तिन्ही कंपनीच्या पोर्टलवरून लॉगिन चालू आहे तोवरच उतरवून घ्या.